मागून येणारा वारा

पाटोद्याच्या पुढं घाट चढला की पठार,
पठारावर पवनचक्क्या, आणि त्यांच्यामधून
आमची जीप. छत नाही, दारं नाहीत,
काच तेवढी शाबूत, तिलाही उजवीकडं तडा.
लिलावात घेतली तेव्हा साहेब म्हणाले, हवेशीर आहे.

आषाढ कोरडा चालला होता.
वारं असं सुटलेलं की शेळ्या तिरक्या चालायच्या,
बांधाला अंग घासत.
वर पाती गरगरत. ज्याच्या जिवावर आमचा पगार
तोच दिवसभर कानशिलात मारायचा.
पहिल्या आठवड्यात त्यानं दोन टोप्या नेल्या,
तेलाच्या नोंदीची अख्खी वही नेली,
आणि दस्तगीरच्या हातातली अर्धी भाकर,
ती लांब नांगरटीत जाऊन पडली.
गाडी थांबव म्हणाला. उतरून शोधली त्यानं, खरंच.

मग शिकलो. नवी वही पान्ह्यांच्या पेटीखाली.
चष्मा वेल्डिंगवाल्याचा घेऊ नये,
त्यातून भर दुपारी दिवेलागण दिसते.
रुमालाची गाठ हनुवटीखाली, मागं नाही.
समोरून उसाचा ट्रक आला
तर आधी तोंड मिटायचं, मग स्टिअरिंग धरायचं.
बोलायचं ते दुसऱ्या गिअरपर्यंत,
तिसरा पडला की खुणा.

तरी मान दुखायची. रोज, मागल्या अंगानं,
कुणी मागच्या फळीवर बसून
केस ओढत असल्यासारखी.
दस्तगीर म्हणाला, तुला वाटतं वारा पुढून येतो.
तो काचेवरून उडी मारतो, मागं पडतो,
आणि वळून येतो. चोरावानी, मागल्या दारानं.
म्हटलं, दारं कुठंयत आपल्याला?

त्याच दिवशी, का दुसऱ्या,
चौऱ्याऐंशी नंबरच्या वाटेवर, चौथ्या गिअरमधे
तो काहीतरी बोलला.
मला एवढंच ऐकू आलं: बदली.
त्याच्या आईच्या बोलीत ढगालाही बदलीच म्हणतात.
मी वर बघितलं. आभाळ घासल्या पातेल्यासारखं.
हातानं विचारलं, कुठंय?
तो हसला, मी पण हसलो,
अंगठा वर केला.

रविवारी त्यानं शेडनेट आणलं, हिरवं,
मेव्हण्याच्या रोपवाटिकेत उरलेलं.
सीटच्या मागं, सळईला सळई,
तारेनं ताणून बांधलं दोघांनी.
मी म्हणत होतो, ताडपत्री लावू.
नको, म्हणाला. ताडपत्री भांडते वाऱ्याशी,
फुगते, फाटते, वर गाडीला मागं ओढते.
जाळी येऊ देते त्याला,
फक्त दम काढून.

सोमवारी पहाटे चौथा गिअर पडला
आणि पहिल्यांदा इंजिनाची टकटक ऐकली,
पायाशी लोळणाऱ्या चहाच्या बाटलीची,
आणि शेजारी दस्तगीरच्या छातीतली घरघर,
जी बहुतेक वर्षभर होती.
बरंच अंतर कुणी बोललं नाही.
आता बोलता येत होतं, म्हणून असेल.

एक तारखेला निघतो कच्छला, तो म्हणाला.
कधी ठरलं?
सांगितलं होतं की तुला.
तू अंगठा दाखवलास.

मान आता दुखत नाही.
डावी सीट रिकामी असते, तिच्यावर वही ठेवतो, उघडीच,
पानं कोपऱ्याला थरथरतात तेवढी, उडत नाहीत.
शनिवारी तार ढिली पडते.
एक टोक मी धरतो, दुसरं
गुडघ्यानं दाबून ठेवावं लागतं.